हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही?

मूल माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतं, त्याच्या आधीच त्याची गोष्ट येऊन बसलेली असते. आईने ती फोनवर सांगितलेली असते, शाळेच्या डायरीत लाल पेनाने लिहिलेली असते, आणि आल्याआल्या बाबा ती पुन्हा पहिल्यापासून सांगतात. ‘मुळातच घाबरट आहे.’ ‘हट्ट म्हणजे किती, विचारू नका.’ ‘डोकं आहे हो, पण एका जागी बसेल तर शपथ.’ मूल हे सगळं ऐकत असतं. बुटाचा वेल्क्रो काढतं, लावतं, पुन्हा काढतं. या आईबाबांचा मला कधी राग येत नाही. त्यांची झोप झालेली नसते, नातेवाइकांचे सल्ले ऐकून कान किटलेले असतात. पण तीच गोष्ट इतक्या वेळा, इतक्या जणांपुढे सांगून झालेली असते की त्या मुलाबद्दल दुसरं काही आठवायला कोणाला सवडच उरलेली नसते. मुलालाही नाही.

मी समुपदेशक आहे. माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो तिच्यावर काम करणारं समुपदेशन म्हणजे नॅरेटिव्ह थेरपी, आणि तिचं काम इथून सुरू होतं. नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की मी मुलांना बोधकथा सांगते. मी काही सांगत नाही. मी विचारते, ऐकते आणि लिहून घेते. गोष्ट त्या मुलाची आणि त्याच्या घराचीच असते. फक्त तिचा जो भाग आजवर कोणी विचारला नाही, तो मला हवा असतो.

ही पद्धत मुख्यतः दोघांनी उभी केली. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डेव्हिड एप्स्टन. व्हाइट सोशल वर्कर होते. ॲडलेडमधल्या मुलांच्या हॉस्पिटलात काम करताना त्यांच्याकडे अशी मुलं यायची, ज्यांचे कपडे शाळेत जाण्याच्या वयातही शीने खराब व्हायचे. या त्रासाच्या मुळाशी बहुतेक वेळा जुनं बद्धकोष्ठ असतं. घट्ट मळ आत साचून राहतो, आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो, शी लागल्याची जाणीव बोथट होते आणि पातळ मळ बाजूने झिरपत राहतो. मुलाला खरोखर कळत नाही. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतोय. मग ओरडा, मग मार, मग लपवालपवी. औषधाने मळ मोकळा करणं आणि जेवणानंतर ठरावीक वेळी बसवण्याची सवय लावणं हा इलाज तेव्हाही होता. अडायचं ते घरात. आई स्वतःला नालायक समजू लागलेली, वडील तोंड लपवणारे, मूल कोपऱ्यात.

व्हाइटनी त्या त्रासालाच एक नाव दिलं, ‘स्नीकी पू’. आपल्याकडे ‘चोरटी शी’ म्हणता येईल. १९८४ साली त्यांनी या कामावर लेख लिहिला आणि १९९० साली एप्स्टन यांच्याबरोबरच्या पुस्तकात एका सहा वर्षांच्या मुलाची हकिगत सविस्तर मांडली. हा मुलगा शी भिंतीला फासायचा, गोळे करून कपाटामागे टाकायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खालच्या बाजूला थापून ठेवायचा. व्हाइट त्याला ‘तू असं का करतोस’ असं विचारत नाहीत. ते घरातल्या प्रत्येकाला विचारतात, या चोरटीने तुमचं काय काय केलंय? मुलाला तिने मित्रांपासून तोडलं होतं. आईला इतकं खचवलं होतं की आपण आई म्हणून नापास झालो असं तिला वाटू लागलं होतं. वडिलांना इतकी लाज वाटायची की त्यांनी कोणाकडे जाणं-येणं सोडलं होतं. हे सगळं मांडून झाल्यावर दुसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळी पद्धत या दुसऱ्या प्रश्नात आहे. तिचा डाव तुम्ही उधळून लावलात, असं कधी झालंय? मुलाला असे काही प्रसंग आठवले. आईलाही एक आठवला: चोरटीने ढकललेल्या दुःखात न बुडता त्या दिवशी आईने स्टिरिओ लावला होता.

तो स्टिरिओ मला फार महत्त्वाचा वाटतो. एरवी कोणत्या केस पेपरवर तो आला असता? लक्षणं लिहिली जातात, किती दिवस, किती वेळा, हे लिहिलं जातं. एका दमलेल्या बाईने एका संध्याकाळी गाणी लावली, हे कोणी लिहीत नाही. व्हाइटनी ते उचललं आणि विचारलं, हे तुम्हाला कसं जमलं? यातून तुमच्याबद्दल काय कळतं?

आता माझ्याकडे आलेल्या एका मुलीबद्दल सांगते. घरच्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी तिसरीत. रोज सकाळी पोटात दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून घेतल्या होत्या, सोनोग्राफी झाली होती, काही निघालं नव्हतं. ‘नाटकं आहेत’ या निष्कर्षावर घर येऊन पोचलं होतं. पहिल्या भेटीत आई, बाबा आणि आजी असे तिघंही आले. ही चांगली गोष्ट होती. मी शक्यतो सगळ्यांना बोलावते.

मी तिला विचारलं, ‘पोटात जे होतं ना, ते नक्की काय करतं गं?’ ती म्हणाली, ‘पिळतं.’ मग जरा थांबून, ‘आई कपडे पिळते ना, तसं.’ त्याला काय म्हणूया, असं विचारल्यावर तिने ‘पिळ्या’ हे नाव ठेवलं. मोठ्यांनी सुचवलेलं नाव टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. मूल स्वतः जे शोधतं ते चिकटतं, कारण त्यात त्याची स्वतःची जाण असते.

मग पिळ्याची चौकशी सुरू झाली. येतो कधी? रविवारी रात्री, इस्त्रीचा युनिफॉर्म दाराच्या मागे टांगला की. म्हणतो काय? ‘उद्या तुला जमणार नाही.’ एकटीलाच छळतो की घरात आणखी कोणाकडे जातो? ती आईकडे बघून म्हणाली, ‘आईच्या डोक्यात जातो. मग आई जोरात बोलते.’ बाबा पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, ‘माझी सात बावन्नची फास्ट घालवतो तो.’ आजी म्हणाल्या, ‘मला पहाटेच उठवतो. ओवा भाजत बसते मी.’ एवढा वेळ ज्या खोलीत एक मुलगी आणि तिच्याकडे बघणारी तीन माणसं होती, तिथे आता चार माणसं एका बाजूला बसून पिळ्याकडे बघत होती. हे घडतं तेव्हा खुर्च्यासुद्धा हलतात. आजींनी त्यांची खुर्ची नातीच्या जवळ ओढली.

पिळ्या शाळेतलं नेमकं काय वापरतो, हेही विचारायला हवं होतं. वर्गात चाचणीचे गुण मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत होती. कमी गुणांपासून सुरुवात व्हायची. पुष्कळदा हे विचारायचं राहून जातं, आणि मग आपण मुलालाच आणखी धीट व्हायला सांगत बसतो. त्रासाला मुलाच्या डोक्यातून बाहेर काढायचं ते याचसाठी, की तो ज्या जमिनीवर पोसला जातोय ती जमीनही दिसावी. मी वर्गशिक्षिकांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि गुण वहीत लिहून द्यायला सुरुवात केली.

पण पोटदुखी एवढ्यावर थांबली नाही. पुढच्या भेटीत मी तो दुसरा प्रश्न विचारला. पिळ्या यायला हवा होता आणि आला नाही, किंवा आला पण त्याचं काही चाललं नाही, असा एखादा दिवस आठवतो का? बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, ‘एकदा व्हॅनमध्ये.’ त्यांच्याच बिल्डिंगमधली सीनियर केजीची मुलगी व्हॅनमध्ये बसल्यापासून रडत होती. हिने तिचा हात धरला आणि शाळा येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिली. कशाबद्दल? ‘काहीही. व्हॅनकाकांच्या आरशाला लटकवलेल्या लिंबू-मिरचीबद्दल.’ आणि पिळ्या? ‘ताई, मीच बोलत होते ना. त्याला बोलायला जागाच मिळाली नाही.’

मी हे वाक्य तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. बरोबर लिहिलंय का, विचारलं. तिने ‘ना’ राहिलाय म्हणून सांगितलं. मी तो घातला.

नंतर मी विचारलं, घरात हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही? ही असं करू शकते, हे आधीपासून कोणाला माहीत असेल? हा प्रश्न व्हाइटच्या परंपरेतला आहे. तिने आजीकडे बोट दाखवलं. आजी म्हणाल्या, ‘मला कसलं नवल? मी लग्न होऊन गावाहून आले तेव्हा लोकलमध्ये चढायचे नाही. गर्दी बघूनच पोटात गोळा यायचा. तुझे आजोबा पुढे पुरुषांच्या डब्यात. मग मी शेजारी उभी असेल त्या बाईशी बोलायला लागायचे. कुठल्या तुम्ही, भाजी काय केलीत. दादर कधी यायचं कळायचं नाही.’ मुलीने आजीला विचारलं, ‘तुझाही पिळ्या होता?’ आणि आजी म्हणाल्या, ‘होता की. आम्ही त्याला नाव नव्हतं ठेवलं.’

मुलाला आपल्या आत काहीतरी बळ आहे असं आपण सांगतो तेव्हा ते मूल मान डोलावतं आणि विसरून जातं. पण ते बळ कुठून आलं, कोणाकडून आलं, आधी कोणत्या डब्यात उभं राहून वापरलं गेलं, हे कळलं की त्याला वंशावळ मिळते. मुलगी ‘घाबरट’ होती ती आता आजीच्या वळणावर गेलेली, शेजारच्याशी बोलून भीतीला गप्प करणारी मुलगी झाली. आणि ते सांगणारी मी नव्हते. समुपदेशकाने कौतुक केलं तर मुलं ओळखतात की हिचं कामच ते आहे. आजीने सांगितलं की मात्र ती मानतात.

हे साक्षीदारांचं महत्त्व व्हाइटना एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या कामातून उमगलं होतं. बार्बरा मायरहॉफ यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथे समुद्रकाठच्या एका केंद्रात येणाऱ्या वृद्ध ज्यूंचा अभ्यास केला होता. पूर्व युरोपातल्या गावांतून आलेली ही माणसं. ज्या गावांत त्यांचं बालपण गेलं ती गावं नाझींच्या काळात नष्ट झालेली, मुलं दूर गेलेली. ‘आम्ही कोण होतो, कोण आहोत’ हे ऐकायला कोणीच नाही, म्हणून ते एकमेकांसाठीच प्रेक्षक व्हायचे, समारंभ भरवायचे, भांडायचे, आपल्या आयुष्याची हकिगत मांडायचे. व्हाइटनी तिथून हे घेतलं की माणसाची स्वतःबद्दलची ओळख एकट्याने खोलीत बसून पक्की होत नाही. ती कोणासमोर तरी मांडावी लागते, आणि ऐकणाऱ्याने ‘मला यातलं हे भिडलं’ असं परत सांगावं लागतं. ते उपचारात अशा ऐकणाऱ्यांना मुद्दाम बोलवायचे. ऐकणाऱ्यांनी शाबासकी द्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही. कोणतं वाक्य मनात राहिलं आणि त्याने आपल्या स्वतःच्या आयुष्यातलं काय जागं झालं, एवढंच सांगायचं. आजींनी नेमकं हेच केलं होतं, कोणी न शिकवता.

आपल्या घरांमध्ये ही पद्धत वापरताना एक गोष्ट जपावी लागते. त्रास मुलाच्या बाहेरचा आहे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. मूल किरकिरं झालं की दृष्ट लागली म्हणतात, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतात. मी कोणाची दृष्ट काढण्यावर टीका करत नाही. आजीचा हात नातवंडाच्या अंगावरून फिरतो, त्यातही मायाच असते. पण दृष्टीला कोणीतरी लावणारं लागतं, आणि मग बोट शेजारच्या बाईकडे, मूल नसलेल्या आत्याकडे, विधवा मावशीकडे वळतं. शिवाय उतरवण्याचा अधिकार मुलाच्या हातात नसतो. काही घरांत तर त्याच्या पुढे बाबा-बुवा आणि अंगारे-धुपारे येतात आणि मुलाचे हाल होतात. पिळ्याचं तसं नाही. तो कोणी पाठवलेला नाही, त्याच्या खोड्या मुलीला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहेत, आणि त्याच्यावरचा उपाय तिने स्वतः व्हॅनमध्ये शोधलाय. म्हणून आईबाबांना मी पहिल्याच भेटीत सांगते की नाव ठेवलं म्हणजे भूत उभं केलं असं नाही. घरी ‘पिळ्या येईल हां’ म्हणून मुलाला धाक घालायचा नाही.

आणखी काही ठिकाणी मी फार सावध असते. शारीरिक कारण आधी डॉक्टरांनी तपासलेलं असलंच पाहिजे. शीचा त्रास असलेल्या मुलाला औषध न देता नुसत्या गप्पा मारणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि जिथे मुलाला कोणी मारतंय, कोणी त्याच्याशी लैंगिक गैरवर्तन करतंय, तिथे ‘राग बाबांवर स्वार होतो’ अशी भाषा चालणार नाही. मारणाऱ्याची जबाबदारी मारणाऱ्याचीच. व्हाइटही हिंसेबद्दल बोलताना ही जबाबदारी कधी सैल सोडत नसत. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे आधी मुलाची सुरक्षितता. गोष्ट नंतर, मुलाला हवी तेव्हा.

ज्या मुलांवर खरोखर आभाळ कोसळलंय त्यांच्यासाठी आफ्रिकेतून आलेली एक रीत मला फार मोलाची वाटते. झिम्बाब्वेच्या मानसतज्ज्ञ एन्काझेलो एन्क्यूब यांनी ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड डेनबरो यांच्याबरोबर ‘ट्री ऑफ लाइफ’ ही रीत बसवली. एड्समुळे आईवडील गमावलेल्या मुलांबरोबर त्या काम करत होत्या. मुलांना थेट दुःखाबद्दल विचारलं की ती त्यात परत बुडायची. म्हणून आधी झाड काढायचं. मुळांमध्ये आपलं गाव, घराणं, ज्यांनी शिकवलं ती माणसं. जमिनीवर रोजचं आयुष्य. खोडात आपल्याला जे जमतं ते. फांद्यांवर आशा, पानांवर जवळची माणसं, आणि फळं म्हणजे आपल्याला मिळालेल्या भेटी. मग सगळ्यांची झाडं भिंतीवर शेजारी लावून रान करायचं, आणि उभं राहायला अशी जागा मिळाल्यावरच वादळांबद्दल बोलायचं. पानांवर गेलेल्या माणसाचं नाव लिहिता येतं. आई वारलेल्या एका मुलाने तिचं नाव पानावर लिहावं की मुळाशी, यावर बराच विचार केला आणि शेवटी दोन्हीकडे लिहिलं. मी त्याला एक जागा निवड म्हटलं नाही.

आपल्याकडेही हे काम रुजतंय. मुंबईत उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर २००१ पासून विकासात अडचणी असलेल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतं, आणि तिथल्या मानसिक आरोग्य विभागाने नॅरेटिव्ह पद्धती इथल्या मातीत आणल्या आहेत. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या बाबतीत तर मला याची गरज जास्तच वाटते. त्या मुलांच्या फायली जाड असतात आणि बहुतेक पानांवर काय येत नाही तेच लिहिलेलं असतं.

एप्स्टन भेट झाली की घरच्यांना पत्र लिहायचे. बोललेलं हवेत विरतं, पत्र पुन्हा काढून वाचता येतं. मुलांना ते प्रशस्तिपत्रंही द्यायचे. भीती पकडणारा, राक्षसाला वठणीवर आणणारा, अशी. मीही लिहिते. त्या मुलीला लिहिलेल्या पत्रातला थोडा भाग असा होता: ‘तू सांगितलंस की तू बोलत होतीस म्हणून पिळ्याला बोलायला जागाच मिळाली नाही ना. ही युक्ती तुझ्या आजीने लोकलमध्ये वापरली होती, हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. मग ती तुझ्यापर्यंत कशी पोचली असेल? मी यावर विचार करते आहे. तुला काय वाटतं ते पुढच्या वेळी सांग.’ पत्रात मी उत्तर देत नाही, प्रश्नच विचारते. आईने नंतर सांगितलं की पत्र रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात ठेवलंय. पिळ्या त्यानंतरही येत राहिला, विशेषतः परीक्षेच्या आधी. पण आता घरात कोणी ‘नाटकं’ म्हणत नाही, आणि ती बहुतेक दिवस पोटात थोडं दुखत असतानाही व्हॅनमध्ये चढते.

मुलांना या पद्धतीत आणखी एक मान मिळतो. ज्याने त्रासाशी दोन हात केले, तो त्या विषयातला जाणकार ठरतो, आणि त्याचा सल्ला दुसऱ्या मुलासाठी घेतला जातो. माझ्याकडे सध्या एक मुलगा येतो. त्याला रात्री झोपायची भीती वाटते. मी त्याचं नाव-गाव न सांगता या मुलीला विचारलं, काय सांगशील त्याला? तिने कागदावर लिहिलं: ‘१. त्याला नाव ठेव. २. तो काय बोलतो ते कोणालातरी सांग. ३. आपण आधी बोलायला सुरुवात करायची.’ मग पेन्सिल ठेवून तिने मला विचारलं, ‘त्याच्याकडे आजी आहे का? नसेल तर कोण आहे ते आधी विचारा, ताई.’

मी विचारलं. त्याचे आईबाबा दोघंही नोकरीवरून उशिरा येतात, आजी-आजोबा गावी. हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही, या प्रश्नावर तो म्हणाला, ‘वॉचमनकाकांना.’ लाइट गेले होते तेव्हा तो एकटा चार मजले जिना उतरून त्यांच्याजवळ येऊन बसला होता, हे फक्त त्यांनाच माहीत आहे. आईबाबांना मी विचारून घेतलं. त्यांना हे नवीनच होतं, पण ते लगेच हो म्हणाले. पुढच्या शनिवारी काका येणार आहेत. ड्यूटी बदलून घ्यावी लागेल, म्हणाले, पण बघतो.